आठवीनंतरची वाट : कर्जत-खालापूरचा फेरफटका

मध्य रेल्वेवर रोज ये-जा करणाऱ्या आपल्या माणसाला कर्जत हे नाव तोंडपाठ असते. संध्याकाळी कर्जत गाडी लागली की अंबरनाथ-बदलापूरचा माणूसही तीत चढतो. बदलापूर गेले की डबा निम्मा रिकामा होतो. मग उरतात ते वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी आणि कर्जतचे प्रवासी. कर्जतच्या पुढे पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी आणि खोपोली अशी पाच स्टेशने आहेत. एका अंगाने हे मुंबईचे उपनगर, दुसऱ्या अंगाने सह्याद्रीच्या पायथ्याचे खेडे. अशा दुहेरी मुलखात वाढणाऱ्या मुलामुलींसाठी आजवर कोणी काय केले, हे पाहायला वाचक बंधु-भगिनींनी एकदा तरी ही गाडी शेवटपर्यंत धरावी.

घाटाखालचा मुलूख

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्याचे समुद्रापासून दूरचे, घाटाला टेकलेले दोन तालुके. आपल्याला हा जिल्हा माहीत आहे तो महाडमुळे. १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले.

इकडे रेल्वे फार लवकर आली. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ साली सुटली आणि १८५६ च्या मे महिन्यात ती खोपोलीपर्यंत पोचली. बोरघाटाची चढण लागली ती १८६३ साली. पुढे १९१५ साली टाटांचे वीजकेंद्र खोपोलीला सुरू झाले. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी मोठमोठ्या नळांतून खाली सोडायचे, त्यावर यंत्रे फिरवायची आणि तयार झालेली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची. १९२२ साली भिवपुरीचे केंद्र त्यात आले. वाचकांपैकी कित्येकांचे आजे-पणजे ज्या गिरण्यांत साच्यांवर उभे राहिले, त्या गिरण्या या डोंगरातल्या पाण्यावर चालत होत्या. तारा मात्र ज्या वाड्यांच्या डोक्यावरून गेल्या, त्या वाड्यांत दिवा लागायला पुढे कितीतरी वर्षे जावी लागली. खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचे पाणीही आज नवी मुंबईला जाते.

मुलखातले पाणी आणि वीज मुंबईकडे गेली, आणि आता मुंबई मुलखाकडे येत आहे. नेरळ-कर्जतला भाताच्या खाचरांत इमारती उभ्या राहिल्या. डोंगराच्या कडेने फार्महाऊस झाले. त्या फार्महाऊसवर माळीकाम, राखण आणि स्वयंपाक करणारे हात इथल्याच वाड्या-वस्त्यांतले आहेत, आणि त्यांतले बरेच हात वीस वर्षांच्या आतले आहेत. पूर्वी खोपोली-रसायनीच्या कारखान्यांत बापाच्या जागी मुलगा लागेल, अशी आशा असे. रसायनीचा हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स हा सरकारी कारखाना वर्षानुवर्षे कितीतरी घरांचा आधार होता. २०१७ साली केंद्र सरकारने तो बंद करण्याचा निर्णय घेतला. आता कामे मिळतात ती ठेकेदाराकडची. तिथेही साधा सुरक्षारक्षक घ्यायचा तरी दहावी पास आहेस का, हाच पहिला प्रश्न असतो. म्हणून दहावीच्या आत शाळा सुटलेल्या मुलाचे पुढे काय, हा इथल्या प्रत्येक घराचा प्रश्न आहे.

शाळा आहे, मग मूल घरी का?

मी कारकून माणूस. बी.कॉम.पर्यंत शिकलेला. जमाखर्च मांडल्याशिवाय गोष्ट डोक्यात शिरत नाही. तेव्हा हाही जमाखर्च मांडून पाहू.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी आहे. म्हणजे कायद्याचे छत्र साधारण आठवीपर्यंत. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा बहुधा त्याही आधी, चौथी-पाचवीला नाहीतर सातवीला संपते. नववी-दहावीसाठी मोठ्या गावात जावे लागते. म्हणजे कायद्याचे छत्र जिथे संपते, त्याच सुमारास पायपीट वाढते आणि खर्चही वाढतो.

खर्चाच्या बाजूला काय काय येते? टमटमचे भाडे, गणवेश, वह्या, मार्गदर्शक पुस्तके, परीक्षेची फी. हा डोळ्यांना दिसणारा खर्च झाला. न दिसणारा खर्च मोठा आहे. चौदा वर्षांचा मुलगा मजुरीला गेला तर संध्याकाळी रोख पैसे आणतो. मुलगी घरी राहिली तर धाकटी भावंडे सांभाळते आणि आईला कामावर जाता येते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. हजेरीपटावर मुलाचे नाव असते, बाकावर मूल नसते.

जमेच्या बाजूला असते दहावीचे एक प्रमाणपत्र, तेही तीन वर्षांनी मिळणार. आज चूल पेटवायची आहे त्या आईला तीन वर्षांनंतरची जमा कशी दाखवायची?

आणि मूल एका दिवसात शाळा सोडत नाही. आधी बाजाराचा दिवस बुडतो, मग लावणीचा आठवडा, मग चाचणी परीक्षा. मागे पडलेल्या मुलाला वर्गात बसायची लाज वाटू लागते. गुरुजी विचारतात, तेव्हा उद्या येतो म्हणते. एक दिवस ते नाक्यावर उभे असलेले दिसते. या तीन वर्षांत कोणीतरी त्याच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जायला हवे असते. या मुलखाचे भाग्य असे की असे उंबऱ्यापर्यंत जाणारे लोक इथे वेळोवेळी झाले.

नेरळ : कोतवालांच्या शाळा

नेरळला उतरले की डाव्या-उजव्या बाजूच्या गर्दीत माथेरानची छोटी गाडी दिसते. त्या माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी एका नाभिक कुटुंबात विठ्ठल कोतवाल यांचा जन्म झाला. लोक त्यांना भाई कोतवाल म्हणत. वकिलीचे शिक्षण घेतलेला हा तरुण मुंबईत राहून पैसा मिळवू शकला असता. तो आपल्या डोंगरात परतला, माथेरान नगरपालिकेत निवडून गेला आणि कर्जत तालुक्यातल्या शेतकरी-आदिवासींच्या कामाला लागला.

१९४० च्या आसपास त्यांनी दोन कामे हाती घेतली. पहिले, गावोगाव स्वयंसेवक तरुणांच्या बळावर शाळा चालवायच्या. दुसरे, धान्याच्या कोठ्या काढायच्या. अडचणीच्या दिवसांत शेतकऱ्याने कोठीतून भात न्यावे आणि पीक आल्यावर परत करावे, म्हणजे सावकाराच्या दारात जावे लागणार नाही. शाळा आणि कोठी ही जोडी त्यांनी विचार करून जमवली असणार. घरात दाणे नसताना मूल शाळेत टिकत नाही, हे त्यांनी पाहिले होते.

पुढे बेचाळीसच्या चळवळीत भाई कोतवाल भूमिगत झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि त्यांचे साथी हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाईंचे वय होते अवघे तीस. दर वर्षी २ जानेवारीला लोक सिद्धगडावर अभिवादनाला जातात. हुतात्मा कोतवाल सर्वांच्या स्मरणात आहेत. शाळा काढणारे कोतवालही तितकेच स्मरणात राहावेत.

धान्याच्या कोठीची कल्पना मात्र या मातीत टिकली. कर्जत तालुक्यातल्या कशेळे येथे अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने १९८० च्या दशकापासून आदिवासी वाड्यांत धान्य बँका उभ्या केल्या. नाव नवे, रीत जुनीच : अडीअडचणीला न्यायचे आणि सुगीला भरायचे.

आपल्या समाजाला हा विचार परका नाही. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिच्या उद्देशांत वसतिगृहे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग होते. पुढच्याच वर्षी, १९२५ साली, सोलापूरला सभेचे वसतिगृह सुरू झाले. सरकारी शाळेचे दार उघडे असूनही खेड्यातल्या मुलाला तिथे राहायला जागा आणि खायला अन्न नव्हते, म्हणून वसतिगृह. महाडच्या सत्याग्रहाच्या तीन वर्षे आधी ही संस्था उभी राहिली होती, हे आपल्या तरुणांनी ध्यानात घ्यावे.

कर्जत : ‘आनंदो’चे काम

आता कर्जत. वडापाव खाऊन स्टेशनाबाहेर पडले की शाळा सुटलेल्या मुलांचे थवे दिसतात. त्यांतल्या काही मुलांच्या मागे एक संस्था उभी आहे. तिचे नाव लाइट ऑफ लाइफ ट्रस्ट. विली डॉक्टर या मुंबईच्या बाईंनी ती २००२ साली स्थापन केली. २००५ साली कर्जतच्या मुलांसाठी तिने ‘आनंदो’ नावाचा प्रकल्प सुरू केला. पुढे तो खालापूरसह रायगडच्या आणखी तालुक्यांत आणि जिल्ह्याबाहेरही गेला.

‘आनंदो’चे काम नेमके त्या धोक्याच्या वर्षांतले, म्हणजे माध्यमिक शाळेतल्या मुलांचे आहे. संस्थेने स्वतःची वेगळी शाळा काढून बसण्याचा मार्ग घेतला नाही. मूल आपल्याच गावच्या शाळेत शिकते. संस्था त्याला शालेय साहित्य देते, अभ्यासात मदत करते, सुटीत एकत्र बोलावून चार गोष्टी शिकवते. लोकांपुढे बोलायचे कसे, राग आवरायचा कसा, पुढे कोणते शिक्षण घ्यायचे, हेही त्यात येते. कार्यकर्ते मुलाच्या घरी जातात. पालकांच्या बैठका होतात. मोठ्या मुलांना आणि महिलांना पोटापाण्याच्या कामाचे शिक्षण देण्याचे कामही या ट्रस्टने हाती घेतले.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ही संस्था मुले निवडते ती पहिल्या नंबरची नव्हेत, शाळा सुटण्याच्या बेतात असलेली. ज्याचे वडील गेले, ज्याची आई मजुरीला जाते, जो गणितात दोनदा नापास झाला, ज्याच्या घरात आजवर कोणी दहावी पाहिली नाही, असे मूल.

आपल्याकडे काय होते ते जरा आठवा. निकाल लागला की वस्तीवस्तीत गुणगौरव समारंभ होतात. ऐंशी टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्यांना पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र आणि बॅग मिळते. ते जरूर व्हावे. पण मंडपाच्या मागे उभा राहून टाळ्या ऐकणारा, नववीतच शाळा सुटलेला मुलगा कोणाच्या यादीत असतो? ज्याला बॅग मिळाली त्याची पुढची वाट बहुतेक वेळा ठरलेली असते. ज्याची वाट सुटली त्याच्याकडे जाणारे माणूस नाही. वर्गणीच्या वहीत आपण घराघराचे नाव लिहितो. त्याच वस्तीत आठवी ते दहावीची मुले किती, आणि त्यांतली रोज शाळेत जाणारी किती, हे मात्र कुठल्याच वहीत सापडत नाही.

कोंडाणे : अंतेवासी बलक

कर्जतला गेलेल्या बौद्ध कुटुंबाने कोंडाणे लेणी पाहिल्याशिवाय परतू नये. स्टेशनाबाहेरून कोंडिवड्याकडे जाणारी रिक्षा मिळते. तिथून पुढे राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून चढत पायी जायचे. पावसाळ्यात वाट निसरडी होते आणि ओढ्यांना जोर असतो, म्हणून लहान मुले बरोबर असतील तर पाऊस संपल्यावर जावे. पाणी आणि डबा घरून न्यावा आणि कचरा परत आणावा.

इसवी सनापूर्वीचे मानले जाणारे हे लेणे. चैत्यगृह आणि विहार पाहून मन शांत होते. मात्र चैत्याच्या दर्शनी भागाजवळ एका मोठ्या मूर्तीचा भग्न भाग आहे, तिथे थोडे थांबावे. जवळच ब्राह्मी अक्षरांतला लहानसा लेख आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असा त्याचा अर्थ.

अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहून शिकणारा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या या कारागिराने आपली ओळख सांगताना आधी आपल्याला शिकवणाऱ्याचे नाव घातले. कण्हाने या तरुणाला हातात छिन्नी दिली, चुकला तर पुन्हा दाखवले, आणि अखेर काम त्याच्या नावावर होऊ दिले, असेच त्या ओळीवरून वाटते. घरी परतताना आपल्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी. लेणी दगडातली असली तरी ती कोणीतरी कोणाला तरी शिकवल्यामुळे उभी राहिली.

खालापूर : इर्शाळवाडी

कर्जतहून खोपोलीची गाडी धरली की खालापूर तालुका लागतो. खोपोलीवरून द्रुतगती मार्ग जातो. २००२ साली तो पूर्ण झाला आणि मुंबई-पुणे अंतर काही तासांचे राहिले. पण याच तालुक्यात चौकजवळ इर्शाळगडाच्या कुशीत एक ठाकर वाडी होती, तिथे जायला गाडीरस्ता नव्हता.

१९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराचा कडा इर्शाळवाडीवर कोसळला. वाडीत २२८ माणसांची वस्ती होती. चार दिवस शोध चालला. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे कधीच सापडली नाहीत. यंत्रे वर नेता येत नव्हती. भर पावसात, चिखलातून, हातात कुदळ-फावडे घेऊन माणसे चढली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांबरोबर खोपोलीच्या यशवंती हायकर्स या संस्थेची मुले होती, इतर ठिकाणचे गिर्यारोहक होते आणि आसपासच्या गावांतले तरुण होते. नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक कर्मचारी वर चढतानाच हृदयविकाराने गेला. पुढे वाचलेल्या कुटुंबांसाठी सिडकोमार्फत चौकजवळ नवी घरे बांधण्यात आली.

या दुर्घटनेतली एक गोष्ट मनातून जात नाही. वाडीची काही मुले आश्रमशाळांत राहून शिकत होती, म्हणून ती त्या रात्री घरी नव्हती आणि वाचली. सकाळी त्यांच्यापैकी काहींना कळले की आई-बाप राहिले नाहीत. शाळेने त्यांचा जीव वाचवला, पण घर वाचले नाही. अशा मुलाला पुस्तके पुरत नाहीत. त्याला रोज विचारणारे, रागावणारे, जवळ घेणारे माणूस लागते.

आणि दुसरी गोष्ट तरुणांची. नाक्यावर उभी राहणारी पोरे म्हणून ज्यांना आपण नावे ठेवतो, त्याच वयाची पोरे त्या रात्री आणि पुढचे चार दिवस डोंगरावर होती. त्यांना कोणी भाषण दिले नव्हते. त्यांच्यापुढे काम होते आणि आपला उपयोग आहे, हे त्यांना दिसत होते. तरुणांच्या संस्था बांधायच्या असतील तर सुरुवात इथून करावी.

आपण काय करावे

कोतवालांच्या शाळा, कशेळ्याच्या धान्य बँका आणि ‘आनंदो’ यांच्यामध्ये काळाचे मोठे अंतर आहे. माणसे वेगळी, विचार वेगळे, पैशाची सोय वेगळी. तरी घरापर्यंत जाण्याची रीत एकच. ती आपल्या वस्तीतही चालू करता येईल, आणि तिला मोठी देणगी लागत नाही.

एक, प्रत्येक विहाराने नाहीतर मंडळाने एक वही घालावी. वस्तीतल्या आठवी, नववी आणि दहावीच्या मुलामुलींची नावे तीत लिहावीत. महिन्यातून एकदा एक भाऊ आणि एक ताई, दोघांनी मिळून त्या घरी जावे. हजेरी कशी आहे, पुस्तके आहेत का, घरात काय अडचण आहे, एवढेच विचारावे. उपदेश करू नये.

दोन, संध्याकाळी दोन तास विहाराचा दिवा अभ्यासासाठी लावावा. एका खोलीत सहा माणसे राहतात त्या घरातल्या मुलीला शांत कोपरा मिळाला तरी तिचे अर्धे काम होते.

तीन, ज्यांची शाळा सुटली आहे त्यांना सांगावे की वाट बंद झालेली नाही. राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज भरून दहावी-बारावीला बाहेरून बसता येते. त्या अर्जाला ठरलेली मुदत असते, म्हणून जुलैपासूनच चौकशी करावी.

चार, आमच्यासारख्या कचेरीत काम करणाऱ्यांनी रविवारचा एक तास द्यावा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज या कागदांपायी कितीतरी मुलांचे प्रवेश अडतात. आपण रोज हेच कागद हाताळतो. आपल्या वस्तीतल्या दहा मुलांचे कागद वेळेवर पुरे करून देणे आपल्याला जड नाही.

आणि पाच, उन्हाळ्याच्या नाहीतर दिवाळीच्या सुटीत या मुलांना घेऊन कर्जतची गाडी पकडावी. भिवपुरीला नळांतून पडणारे पाणी दाखवावे, नेरळला भाईंची गोष्ट सांगावी, कोंडाण्याला बलकाचे नाव दाखवावे. तिकीट लोकलचेच आहे. नववीत नापास झालेल्या मुलाला पुढच्या डब्यात, आपल्या शेजारी, खिडकीजवळ बसवावे.

जयभीम.